पसरत्या प्लाझ्मात आयन शिल्लक कसे राहतात?

प्रश्न असा आहे. लेसरच्या एका झटक्याने धातूवरून उडालेला प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वायू, निर्वातात पसरतो आणि पसरता पसरता थंड होतो. थंड प्लाझ्मात इलेक्ट्रॉन आणि आयन झपाट्याने जुळतात, हे प्रत्येक पुस्तकात असते. विचारणाऱ्याने त्याप्रमाणे कोड लिहिला आणि कोडमध्ये एक मायक्रोसेकंद व्हायच्या आतच सगळे आयन संपले. प्रयोगात मात्र अर्ध्या मीटरवरच्या डिटेक्टरवर आयन व्यवस्थित येतात. या जुळण्यालाच पुनर्संयोग म्हणतात. शेवटी त्यांनी विचारले आहे, "पुनर्संयोगाचा कोणता स्थिरांक वापरू?"

कोणताही वापरा. फरक पडतो तो किती थोडा, ते पुढे आकड्यांनीच दाखवतो. गडबड तापमानात आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या कोडमध्ये असते. माझ्याही होती.

अशा दाट प्लाझ्मात मुख्य काम त्रिकण पुनर्संयोगाचे. एक इलेक्ट्रॉन आयनाजवळून जाताना दुसरा इलेक्ट्रॉन तिथेच असतो, दोघांत टक्कर होते, एक ऊर्जा घेऊन निसटतो आणि दुसरा आयनाच्या तावडीत सापडतो. याच्या दराचा अंदाज घ्यायला जे. जे. थॉमसन यांनी १९२४ मध्ये वापरलेली युक्ती अजून पुरते. आयनाभोवती असा एक गोल कल्पा की ज्याच्या आत विद्युत आकर्षणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या औष्णिक ऊर्जेपेक्षा जास्त आहे. या गोलाची त्रिज्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टला (प्लाझ्माचे तापमान या ऊर्जेच्या एककात सांगतात) ती सुमारे १४ नॅनोमीटर भरते. गोलात इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता घनता गुणिले त्रिज्येचा घन. तिथे असताना दुसऱ्याशी टक्कर होण्याचा दर घनता गुणिले वेग गुणिले त्रिज्येचा वर्ग. दोन्ही गुणा. घनतेचा वर्ग, त्रिज्येचा पाचवा घात आणि वेग हाती येतो. त्रिज्येमुळे तापमानाचा उणे पाचवा घात, वेगामुळे अधिक अर्धा. म्हणून उणे साडेचार.

साडेचार हा घातांक फार निर्दय आहे. तापमान दुप्पट झाले की दर २३ पटींनी पडतो. तापमान १० टक्क्यांनी कमी मोजले तर दर ६० टक्क्यांनी जास्त निघतो. म्हणजे तापमानाचे समीकरण ढिले ठेवून स्थिरांकाच्या दुसऱ्या अंकावर वाद घालण्यात अर्थ नाही.

स्थिरांकाबद्दल एवढेच सांगतो. १ इलेक्ट्रॉनव्होल्टला त्याची किंमत कुठे २×१०^-२७ तर कुठे जवळपास ९×१०^-२७ सेंटीमीटर^६ प्रति सेकंद अशी दिलेली सापडेल. यातली कमी किंमत मॅन्सबॅक आणि केक यांच्या १९६९ च्या मोंटे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणाऱ्या) गणितातून येते आणि मी तीच वापरतो. पण या साडेचार पटींच्या तफावतीमुळे तुमचे आयन नाहीसे झालेले नाहीत.

आता तुमच्या कोडमध्ये काय घडले ते पाहू. सुरुवातीला घनता दर घन सेंटीमीटरला १०^१८, तापमान १ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ढग अर्ध्या मिलिमीटरचा आणि पसरण्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटर धरा. एक मायक्रोसेकंदानंतर ढग सुमारे एक सेंटीमीटरचा झालेला असतो आणि घनता १०^१४ वर येते. तापमानासाठी तुम्ही अ‍ॅडियाबॅटिक (बाहेरून उष्मा येत-जात नाही असे मानणारा) नियम वापरला आहे, म्हणजे तापमान घनतेच्या दोन-तृतीयांश घाताने उतरते. त्यानुसार ०.००२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, साधारण २५ केल्विन. ही किंमत साडेचाराच्या घातात घाला. एका इलेक्ट्रॉनला जुळायला लागणारा काळ ५×१०^-१४ सेकंद येतो. त्याच घनतेला प्लाझ्माच्या एका आंदोलनालाच १०^-११ सेकंद लागतात. इलेक्ट्रॉनांना एकत्र एक हेलकावा खायला जो वेळ लागतो त्याच्या दोनशेव्या हिश्शात ते सगळे आयनांत विरून गेले, असे हे गणित म्हणते. असा आकडा पडद्यावर आला की स्थिरांक शोधायला जाऊ नये, समीकरणातून काय सुटले ते शोधावे.

उष्मा सुटली आहे. त्रिकण पुनर्संयोगात निसटणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन जातो, पण जातो कुठे? त्याच प्लाझ्मात. पकडला गेलेला इलेक्ट्रॉन आधी अगदी वरच्या पातळीत असतो, त्याची बंधन ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या आसपास असते. तिथून पुढच्या टकरीत तो परत सुटूही शकतो आणि बऱ्याचदा सुटतोच. जे एक अरुंद टप्पा ओलांडून खाली घसरतात ते मग टकरींमागून टकरी खात पायऱ्या उतरत जातात, आणि प्रत्येक पायरीची ऊर्जा कुठल्या ना कुठल्या मुक्त इलेक्ट्रॉनला मिळते. बरेच खाली गेल्यावर फोटॉन सोडण्याचा वेग टकरींच्या वेगापेक्षा जास्त होतो. तिथून पुढची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर जाते आणि इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येत नाही. १०^१४ घनतेला एका जुळणीमागे इलेक्ट्रॉनांना मिळणारी उष्मा ढोबळमानाने १ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरायला हरकत नाही. ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वायूत प्रत्येक इलेक्ट्रॉनची सरासरी औष्णिक ऊर्जा ०.१५. म्हणजे एक जुळणी झाली की सहा-सात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दुप्पट होते. ती वाढली की साडेचाराचा घात उलटा फिरतो आणि पुढच्या जुळण्या तिथेच मंदावतात.

ही स्वतःला आवरणारी प्रक्रिया समीकरणात बसवून बघा, कागदावर पाच ओळींत होते. प्रसरणाने दर एकक काळात जाणारी ऊर्जा तापमान भागिले काळ अशी बदलते. पुनर्संयोगाने येणारी उष्मा म्हणजे एका जुळणीची ऊर्जा गुणिले घनतेचा वर्ग गुणिले तापमानाचा उणे साडेचारावा घात. घनता काळाच्या उणे तिसऱ्या घाताने उतरते. दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात असे मानले की तापमानाचा साडेपाचावा घात काळाच्या उणे पाचव्या घाताप्रमाणे जातो. म्हणजे तापमान काळाच्या उणे १०/११ व्या घाताने उतरते. तुमच्या कोडमध्ये ते उणे दोनाने उतरत होते.

दोनऐवजी १०/११ आल्याने सगळे चित्र पालटते. उणे दोन घेतला तर जुळण्याचा दर काळाच्या घनाने वाढत जातो, म्हणून आयन संपणारच. उणे १०/११ घेतला तर दर काळाच्या उणे २१/११ व्या घाताने, जवळपास वर्गाने, पडतो. प्रसरणाचा दर काळाच्या उणे पहिल्या घाताने पडतो. पुनर्संयोग मागे पडतो आणि जे काही आयन उरले ते उरले. यालाच आम्ही आयनीभवन "गोठले" म्हणतो.

आता तुमचे आकडे घाला. एक मायक्रोसेकंद, घनता १०^१४, जुळणीमागे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट, स्थिरांक २×१०^-२७. समतोलाचे तापमान ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. स्थिरांक ९×१०^-२७ घेतला तर ०.१७. साडेचार पट वेगळा स्थिरांक आणि तापमानात फरक तीस टक्के, कारण या समतोलात स्थिरांक फक्त २/११ व्या घाताने शिरतो. त्याहून मजेदार गोष्ट पुढे आहे. या क्षणापासून पुढे अनंत काळापर्यंत किती जुळण्या होतील याची बेरीज केली तर वाचलेल्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण e च्या उणे घाताने मिळते, आणि त्या घातात येणारी संख्या १.८ गुणिले तापमान भागिले जुळणीची ऊर्जा एवढीच निघते. स्थिरांक त्यात थेट दिसतच नाही. पहिल्या स्थिरांकाने साधारण ७९ टक्के इलेक्ट्रॉन वाचतात, दुसऱ्याने ७४ टक्के. प्रोबच्या (प्लाझ्मात घालायच्या मोजणीच्या सुईच्या) मोजमापातली अनिश्चितता याहून मोठी असते.

याचा भौतिक अर्थ सरळ आहे. थंड होणाऱ्या इलेक्ट्रॉनांना उबदार ठेवायला फार जुळण्या लागत नाहीत. एका जुळणीची ऊर्जा तापमानाच्या मानाने जितकी मोठी, तितक्या कमी जुळण्यांत काम भागते.

हा हिशेब नवा नाही. निर्वातात पसरणाऱ्या वायूत किती आयनीभवन उरते हा प्रश्न युरी रायझर यांनी १९५९ मध्ये मांडला होता आणि १९६५ मध्ये कुझनेत्सोव यांच्यासह ते पुन्हा त्याकडे वळले. माझा वरचा हिशेब त्यापेक्षा बराच ओबडधोबड आहे. त्यात दोन ठिकाणी मी डोळेझाक केली आहे, ती सांगून टाकतो. एक म्हणजे जुळणीमागची ऊर्जा स्थिर नसते. घनता उतरते तशी टकरींची सत्ता वरवरच्या पातळ्यांपुरती उरते, फोटॉन लवकर बाजी मारतात आणि इलेक्ट्रॉनांना कमी मिळते. टोकाची बाब म्हणून ही ऊर्जा तापमानाच्याच प्रमाणात घटते असे धरले तर तापमान काळाच्या उणे १०/९ व्या घाताने उतरते आणि दर बरोबर काळाच्या उणे पहिल्या घाताने. मग गोठणे पूर्ण होत नाही. दर वेळी काळ दसपट झाला की ठरावीक हिस्सा गळत राहतो. खरा प्लाझ्मा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. दुसरे म्हणजे अनुनादी फोटॉन, म्हणजे तळाच्या पातळीवर उतरताना निघणारे, ढगातून सहज बाहेर पडतात असे मी गृहीत धरले. दाट ढगात ते पुन्हा पुन्हा शोषले जातात, खालच्या पातळ्या भरलेल्या राहतात आणि त्यांची ऊर्जाही टकरींवाटे इलेक्ट्रॉनांकडे परत येते. धातूच्या वाफेत हे नक्की घडते.

सुरुवातीच्या दाट टप्प्याची चिंता करू नका. १०^१८ आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्टला जुळण्याचा काळ अर्धा नॅनोसेकंद आहे. तिथे समतोलातले आयनीभवन देणारे मेघनाद साहांचे १९२० चे समीकरण डोळे मिटून वापरा. जुळण्याचा काळ आणि प्रसरणाचा काळ एकमेकांच्या जवळ आले की ते सोडा आणि दराची समीकरणे सुरू करा. इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि आयनांचे तापमान मात्र पहिल्यापासून वेगळे ठेवा. वजनातल्या तफावतीमुळे दोघांत उष्मा फार हळू वाटली जाते, आणि पुनर्संयोगाची सगळी ऊब इलेक्ट्रॉनांच्याच खात्यात जमा होते. आणखी एक: साडेचाराचा घात असलेले समीकरण साध्या पुढे-पुढे जाणाऱ्या पद्धतीने सोडवलेत तर एका पावलात तापमान भलतीकडेच जाईल. अव्यक्त पद्धत घ्या, म्हणजे दर पावलाच्या शेवटच्या तापमानाला काढा. हे कळायला मला एक रात्र घालवावी लागली होती.

सूत्र कुठे कोसळते तेही माहीत असावे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन-मानकांच्या राष्ट्रीय संस्थेत लेसरने थंड केलेल्या झेनॉनच्या अणूंपासून अतिशीत प्लाझ्मा तयार झाला. इलेक्ट्रॉनांचे तापमान काही केल्विनपर्यंत खाली आणता येत होते. समजा १ केल्विन आणि दर घन सेंटीमीटरला १०^९ इलेक्ट्रॉन. थॉमसनच्या गोलाची त्रिज्या १७ मायक्रोमीटर येते आणि शेजारच्या दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर सुमारे ६. म्हणजे पकडीच्या गोलात कायमच कितीतरी इलेक्ट्रॉन बसलेले. "दुसरा इलेक्ट्रॉन तिथे सापडण्याची शक्यता" या कल्पनेलाच अर्थ उरत नाही. निसर्ग मात्र स्वतःच मार्ग काढतो. असा प्लाझ्मा तयार होताच इलेक्ट्रॉन तापतात, काही पुनर्संयोगाच्याच उष्णतेने, आणि सूत्र पुन्हा लागू होईल अशा तापमानाला येऊन बसतात. पसरणाऱ्या या ढगात रिडबर्ग अणू (ज्यांचा एक इलेक्ट्रॉन अगदी वरच्या पातळीत अडकलेला असतो) तयार होताना २००१ मध्ये पाहिले गेले.

विरळ प्लाझ्मात त्रिकण वाट बंदच होते आणि फोटॉन सोडून होणारी जुळणी उरते. तिचा स्थिरांक हायड्रोजनसाठी १०,००० केल्विनला १०^-१३ घन सेंटीमीटर प्रति सेकंदाच्या घरातला. सौरवाऱ्यातल्या ऑक्सिजनचे सहापट आणि सातपट प्रभारित आयन सूर्याच्या प्रभामंडलाच्या (सूर्याभोवतीच्या तप्त बाह्य आवरणाच्या) खालच्या भागातच गोठतात आणि पृथ्वीजवळच्या यानाला त्यांचे तेच प्रमाण मिळते, म्हणून त्यावरून प्रभामंडलाचे तापमान काढता येते. विश्वाचेही तसेच. तापमान ३,००० केल्विनच्या आसपास आले तेव्हा हायड्रोजन जुळला, पण प्रसरणामुळे दहा हजारांत साधारण दोन इलेक्ट्रॉन मोकळे राहून गेले. तुलना तीच, दोन काळांची. तंत्र मात्र पूर्ण वेगळे, त्यामुळे वरचे १०/११ तिकडे नेऊ नका.

मोजमापाकडे येतो, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. पुनर्संयोग करणारा प्लाझ्मा पाहायचा असेल तर एकदा आर्गॉन प्लाझ्माची स्थिर ज्योत पेटवून वीज अचानक बंद करा आणि वरच्या पातळीवरून येणारी वर्णपटातली एखादी रेषा फोटोमल्टिप्लायरवर (मंद प्रकाश मोजणाऱ्या नळीवर) पाहा. वीज गेली म्हणजे उजेड कमी व्हायला हवा असे वाटते. रेषा उसळी मारून वर जाते, मग हळूहळू विझते. तापवणे थांबताच इलेक्ट्रॉन थंड झाले, साडेचाराच्या घाताने वरच्या पातळ्या भरल्या आणि त्या चमकल्या. ऑसिलोस्कोपवरचा हा कुबड पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक विद्यार्थी स्विच तपासायला धावतो.

याच कारणाने बोल्ट्झमन आलेख, म्हणजे रेषांच्या तेजावरून तापमान काढायचा आलेख, जपून काढा. अशा प्लाझ्मात वरच्या पातळ्यांचे नाते मुक्त इलेक्ट्रॉनांशी असते, तळाच्या पातळीशी नाही. खालच्या रेषा मिसळून सरळ रेघ ओढली तर उतार काहीतरी देतो, पण ते तापमान नसते. कधी कधी वरची पातळी खालचीपेक्षा जास्त भरलेली असते. गुडझेन्को आणि शेलेपिन यांनी १९६० च्या दशकात यातूनच लेसरची कल्पना मांडली आणि १९८५ मध्ये प्रिन्स्टनमध्ये पुनर्संयोग करणाऱ्या कार्बन प्लाझ्मात १८.२ नॅनोमीटरला प्रवर्धन मिळाले. आयनीभवन वाढत असताना घेतलेला आणि पुनर्संयोग होत असताना घेतलेला वर्णपट एकाच सरासरीत टाकू नका.

तुमच्या ढगात आयन अपेक्षेपेक्षा जास्त दिसतात. उलटी तक्रार आली, म्हणजे आयन फार लवकर गायब झाले, तर आधी रेणू शोधा. काही वर्षांपूर्वी आमच्या आर्गॉनच्या झोतात ठरावीक अंतरापुढे इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीसे व्हायचे. घनता १०^१२, तापमान ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्रिकण वाटेने १६ मिलिसेकंद लागायला हवेत आणि झोत तर मिलिसेकंदाच्या आत भिंतीवर आदळतो. तीन आठवडे आम्ही प्रोब बदलले. शेवटी रेसिड्युअल गॅस अ‍ॅनलायझर (उरलेल्या वायूंचे रेणू वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) लावला तर वस्तुमान १८ वर शिखर: पाणी. एका जोडातून पाण्याची वाफ झिरपत होती. आर्गॉनचा आयन पाण्याच्या रेणूला भेटला की प्रभार रेणूकडे जातो, आणि रेणूच्या आयनाला तिसऱ्या कणाची गरजच नसते. इलेक्ट्रॉन आला की रेणू फुटतो आणि जादा ऊर्जा तुकड्यांच्या गतीत जाते. या विघटनी पुनर्संयोगाचा स्थिरांक १०^-७ घन सेंटीमीटर प्रति सेकंद किंवा त्याहून जास्त असतो. त्या घनतेला दहा मायक्रोसेकंद. आणि ती ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळत नसल्यामुळे वर सांगितलेला लगामही इथे नसतो.

शेवटी तुमच्या डिटेक्टरबद्दल. त्याच्या तोंडाशी आयन ओढून घ्यायला तुम्ही विद्युत क्षेत्र लावले असेल. अरुंद टप्प्याच्या जरा खाली अडकलेले रिडबर्ग अणू दीर्घायुषी असतात, आणि ते उदासीन असल्यामुळे ढगाबरोबर गुपचूप डिटेक्टरपर्यंत पोहोचतात. मुख्य क्वांटम अंक (इलेक्ट्रॉनच्या पातळीचा क्रमांक) ५० असलेला अणू सेंटीमीटरला ५० व्होल्टच्या क्षेत्रात फुटतो, ३० असलेला सुमारे ४०० व्होल्टला. म्हणजे वाटेत जुळलेला अणू तुमच्या दारात पुन्हा आयन होतो आणि मोजला जातो. ओढीचे क्षेत्र २० पासून ५०० व्होल्ट प्रति सेंटीमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवून आयनांची संख्या नोंदवा. संकलनाची कार्यक्षमता जिथे सपाट झालेली असायला हवी तिथेही संख्या चढत राहिली, तर तो चढ रिडबर्ग अणूंचा. तेवढा वजा करून उरलेला आकडा कोडशी ताडून पाहा.